पुन्हा पुन्हा उडणारा फ्यूज: जुन्या ब्रिटिश गाडीत वायरच्या रंगांवरून शॉर्ट शोधण्याची रीत

समस्या अशी आहे. गाडी व्यवस्थित चालू असते, इंजिनाच्या आवाजात काही फरक नसतो, आणि अचानक लक्षात येते की पेट्रोलचा काटा रिकाम्याच्या खुणेवर जाऊन बसला आहे. इंडिकेटरची दांडी हलवली तरी टिकटिक ऐकू येत नाही. वायपर चालत नाही, हीटरचा पंखा फिरत नाही, आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागत नाहीत, जे चालकाला बसल्या जागेवरून कळण्याचा संभवच नसतो. बॉनेट उघडले की फ्यूज उडालेला दिसतो. नवा घातला की सगळे पूर्ववत होते, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो आणि माझ्याकडे १९६८ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. तिच्यात हा प्रकार सहा आठवड्यांत तीनदा घडला. तिसऱ्या वेळी सिग्नलपाशी थांबताना मागच्या लॉरीने करकचून ब्रेक लावल्याचा आवाज मी ऐकला, आणि त्या दिवशी ठरवले की दोष सापडेपर्यंत ही गाडी रस्त्यावर काढायची नाही. पुढे जे लिहिले आहे ते या एका गाडीच्या निमित्ताने असले, तरी साठ आणि सत्तरच्या दशकांतील मॉरिस मायनर, मिनी, ट्रायम्फ, जुनी जॅग्वार अशा बहुतेक ब्रिटिश गाड्यांना ते लागू पडते, कारण त्यांच्या वायरिंगच्या रंगांची भाषा एकच आहे.

प्रथम एक कळकळीची विनंती. असा फ्यूज उडू लागला की अधिक मोठा फ्यूज घालण्याचा किंवा चांदीचा कागद गुंडाळून वेळ मारून नेण्याचा मोह होतो, तो कृपया टाळावा. मूळच्या ल्यूकास कंपनीच्या काचेच्या फ्यूजच्या आत कागदाची एक बारीक पट्टी असते आणि तिच्यावर ३५ असा आकडा छापलेला असतो. हा आकडा फ्यूज ज्या प्रवाहाला उडतो त्याचा आहे. सतत वाहण्याजोगा प्रवाह त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे १७ अँपिअर इतकाच. इतर पद्धतीने मोजलेला ३५ अँपिअरचा फ्यूज मात्र तेवढा प्रवाह सतत वाहू देतो. दिव्यांकडे जाणारी नेहमीची वायर, जिला १४/०.३० म्हणतात कारण तिच्यात ०.३० मिलिमीटर जाडीचे १४ तंतू असतात, ती ८.७५ अँपिअरसाठी बनवलेली असते. फ्यूज तग धरून राहिला की मग ही वायर तापते, तिच्या शेजारच्या वायरींवरचे आवरण वितळवते, आणि एका दोषाचे दहा दोष होतात.

उडालेला फ्यूज फेकून देण्याआधी तो उजेडात धरून पाहावा. काचेवर आतून काळसर किंवा चंदेरी थर बसला असेल, तर थेट शॉर्ट झाला असे समजावे. काच स्वच्छ आणि तार मधोमध वितळलेली असेल, तर भार हळूहळू वाढत गेला आहे, आणि मग वायपरच्या किंवा हीटरच्या जड झालेल्या मोटरकडे पाहावे. तार शाबूत असून टोपणापाशी झाळ सुटली असेल, तर बहुधा शॉर्ट मुळीच नाही. फ्यूज धरणाऱ्या पितळी चिमट्यांवर गंज चढून तिथेच उष्णता निर्माण होत आहे. अशा वेळी चिमटे बारीक पॉलिश पेपरने घासून घट्ट करणे एवढाच उपाय पुरतो. माझ्या तिन्ही फ्यूजच्या काचा काळवंडलेल्या होत्या.

रंग काय सांगतात

बर्मिंगहॅमच्या ल्यूकास कंपनीच्या पद्धतीवर आधारलेली ही रंगसंगती पुढे ब्रिटिश मानक म्हणून स्वीकारली गेली. तिचे सूत्र एका वाक्यात सांगता येते: वायरचा मूळ रंग वीज कोठून येते ते सांगतो, आणि त्यावरची बारीक रेघ ती कोणत्या कामावर निघाली आहे ते सांगते.

तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली, किल्ली बंद असतानाही जिवंत असलेली आणि मध्ये फ्यूज नसलेली वायर. तीच फ्यूजमधून पुढे गेली की जांभळी होते. हॉर्न आणि आतला दिवा तिच्यावर असतात. किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, पण फ्यूज नसलेली वायर पांढरी. ती इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलकडे जाते. आणि हीच पांढरी फ्यूजमधून गेली की हिरवी होते. लाल म्हणजे पार्किंगचे आणि मागचे दिवे, निळी म्हणजे हेडलाइट. निळीवर पांढरी रेघ अप्परसाठी आणि लाल रेघ डिपरसाठी. काळी नेहमी बॉडीला, म्हणजे अर्थला.

माझ्या गाडीच्या फ्यूजबॉक्सात कामाचे फ्यूज दोनच आहेत. १ आणि २ क्रमांकांच्या टोकांमध्ये तपकिरीची जांभळी होते, तर ३ आणि ४ मध्ये पांढरीची हिरवी. इंजिन चालू राहून बाकीचे सगळे का बंद पडत होते, याचा उलगडा इथेच होतो: कॉइल पांढऱ्यावर आहे, ती फ्यूजच्या अलीकडची, आणि बंद पडणारी प्रत्येक गोष्ट हिरव्यावर आहे. याच कारणाने हेही ध्यानात ठेवावे की पांढरी, तपकिरी आणि या जुन्या गाडीतल्या निळ्या वायरींना फ्यूजचे संरक्षणच नाही. त्यांच्यापैकी एखादी कोठे उघडी पडली तर उडायला फ्यूज नसतो, जळायला वायर असते. म्हणून वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची अर्थ केबल काढावी, हा नियम इथे इतर गाड्यांपेक्षाही कसोशीने पाळावा.

भारतात वायरिंग शिकलेल्यांची इथे एका ठिकाणी हमखास गल्लत होते. आपल्या हाताला सवय अशी असते की लाल म्हणजे प्लस आणि काळी म्हणजे मायनस. या गाड्यांत लाल रंगाचा प्लसशी काहीही संबंध नाही. शिवाय साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत, एमजीबीत १९६७ पर्यंत, बॅटरीचे प्लस टोक बॉडीला जोडलेले असे. त्या गाडीत काळी वायर प्लस असते आणि तपकिरी मायनस, पण काळीचे काम तेच राहते आणि तपकिरीचेही. रंग कामाला बांधलेला आहे, प्लस-मायनसला नाही. उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत तयार होत असलेली अँबॅसिडर मॉरिस ऑक्सफर्डवरून घडली, आणि ल्यूकास-टीव्हीएसच्या रूपाने ल्यूकास १९६१ पासून मद्रासमध्ये होतीच. त्यामुळे पुण्या-मुंबईकडे जुनी अँबॅसिडर किंवा स्टँडर्ड हेरल्ड सांभाळणाऱ्यांनीही हारनेस, म्हणजे वायरींचा बांधलेला जुडगा, मूळचा असेल तर हे रंग ताडून पाहावेत. मधल्या काळात कोणा वायरमनने हाताला येईल त्या रंगाची वायर ओढलेली असेल, तर मात्र रंगावर भिस्त न ठेवता प्रत्येक टोक टेस्ट लॅम्पने, म्हणजे वायरी जोडलेल्या छोट्या बल्बने, तपासावे.

रंग ओळखणेही वाटते तितके सोपे नसते. पन्नास वर्षांच्या उष्णतेने आणि तेलाने पांढरी वायर पिवळट-तपकिरी दिसते आणि जांभळी तपकिरीत जमा होते. अशा वेळी टोकाकडचा रंग पाहू नये. हारनेसवरची काळी टेप दोन इंच सोडवावी. आत जिथे ऊन आणि तेल पोचलेले नसते, तिथे रंग आणि रेघ आजही कोरे सापडतात.

आकृती वाचताना

गाडीच्या वायरिंगच्या आकृतीत सगळ्या वायरी काळ्या रेषांनी काढलेल्या असतात आणि रंग अक्षरांनी दिलेले असतात. बी हे अक्षर काळ्यासाठी राखून ठेवल्यामुळे तपकिरीला एन आणि निळ्याला यू दिलेले आहे. जी हिरवा, पी जांभळा, आर लाल, डब्ल्यू पांढरा, वाय पिवळा, के गुलाबी, एस राखाडी, आणि एलजी म्हणजे फिकट हिरवा. दोन अक्षरे आली तर पहिले मूळ रंगाचे आणि दुसरे रेघेचे. जीएन म्हणजे हिरव्यावर तपकिरी रेघ. इथे एनजी आणि जीएन यांची अदलाबदल झाली तर माणूस बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोच्या वायरीला मागच्या दिव्याची वायर समजून बसतो, म्हणून क्रमाकडे लक्ष असू द्यावे. दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे ठिपका असेल तरच जोडणी आहे, नसेल तर त्या नुसत्या एकीवरून दुसरी गेल्या आहेत. आणि आकृती आपल्याच गाडीच्या वर्षाची असली पाहिजे. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षे बनत राहिली आणि त्या काळात फ्यूजबॉक्स, चार्जिंग आणि दिव्यांच्या जोडण्या अनेकदा बदलल्या.

मी आकृतीची मोठी प्रत काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरली आणि मुलीच्या पेटीतल्या हिरव्या पेन्सिलीने फक्त जी पासून सुरू होणाऱ्या रेषा गिरवल्या. अर्ध्या तासात त्या गुंत्यातून एक झाड वेगळे झाले: फ्यूजपाशी खोड, आणि त्याला फुटलेल्या फांद्या. एक फांदी ब्रेकच्या स्विचकडे जाते आणि स्विचनंतर तिच्यावर जांभळी रेघ येते. दुसरी इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या फ्लॅशरकडे, तिथून ती फिकट हिरव्यावर तपकिरी रेघ अशी दांडीपर्यंत पोचते आणि पुढे डावीकडे हिरवी-लाल, उजवीकडे हिरवी-पांढरी होते. तिसरी गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्स स्विचकडे जाते आणि तिथून मागच्या पांढऱ्या दिव्यांकडे हिरवी-तपकिरी होऊन निघते. चौथी व्होल्टेज स्टॅबिलायझरमार्फत पेट्रोलच्या काट्याकडे, आणि उरलेल्या वायपर व हीटरकडे.

हे झाड समोर आले की शोधाचे खरे सूत्र दिसते: या फांद्यांवर स्विच ओलांडला की रेघ बदलते. नुसती हिरवी वायर कोठे बॉडीला लागली असेल, तर किल्ली फिरवल्याबरोबर किंवा चालताना केव्हाही फ्यूज उडेल. हिरवी-जांभळी लागली असेल तर तो फक्त ब्रेक दाबल्यावर उडेल, हिरवी-लाल लागली असेल तर फक्त डावा इंडिकेटर दिल्यावर. म्हणजे फ्यूज कोणत्या कृतीनंतर उडतो एवढे नीट टिपून ठेवले, तर एकही स्क्रू न काढता निम्मा हारनेस संशयातून मुक्त होतो. माझ्या मते या सबंध कामात या टिपणाइतके मोलाचे हत्यार दुसरे नाही, आणि घाईत लोक नेमके तेच गाळतात.

या नियमाला एक अपवाद जाणून घेतला पाहिजे. काही ठिकाणी स्विच वीज येण्याच्या बाजूला नसून अर्थच्या बाजूला असतो. हॉर्नला जांभळी वायर थेट मिळते आणि हॉर्नकडून बटणाकडे जाणारी जांभळी-काळी वायर बटण दाबल्यावर अर्थ होते. दारावरच्या स्विचची जांभळी-पांढरी आणि टाकीतली पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या तरफेकडे जाणारी हिरवी-काळी याच प्रकारातल्या. या वायरी बॉडीला लागल्या तर फ्यूज उडत नाही: हॉर्न वाजतच राहतो, आतला दिवा विझत नाही, काटा टाकी भरल्याची खूण दाखवतो. तेव्हा फ्यूज उडत असताना या वायरींच्या मागे लागून वेळ दवडू नये.

फ्यूजच्या जागी दिवा

तिन्ही वेळा नेमके काय केले होते ते आठवून लिहून काढले, तेव्हा तिन्ही प्रसंग गाडी लावण्याच्या किंवा जागेवरून काढण्याच्या आसपासचे निघाले. त्या वेळी ब्रेकही दाबला जातो आणि रिव्हर्सही पडतो, म्हणून संशय हिरव्या-जांभळ्या आणि हिरव्या-तपकिरी या दोनच वायरींवर आला.

आता प्रत्येक प्रयोगाला एक फ्यूज जाळण्याची गरज नाही. ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसह घ्यावा, त्याला दोन वायरी आणि चिमटे लावावेत, फ्यूज काढून ३ आणि ४ या टोकांवर तो जोडावा. शॉर्ट असला तरी या बल्बमधून पावणेदोन अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह जाऊ शकत नाही, त्यामुळे वायर सुरक्षित राहते आणि बल्बचा उजेड आपल्याला उत्तर देतो. इंजिन बंद ठेवून किल्ली बराच वेळ चालू राहणार असल्याने कॉइलची पांढरी वायर काढून तिच्या टोकावर टेप गुंडाळावी, नाहीतर कॉइल विनाकारण तापते.

इथे एक फसगत होते आणि माझा त्यात एक तास गेला. ब्रेक दाबल्यावर हा बल्ब बराच प्रखर पेटला, आणि मी शॉर्ट सापडला असे समजून मागचा हारनेस सोडवायला घेतला. प्रत्यक्षात मागचे दोन निरोगी दिवे या बल्बशी एका साखळीत आले होते, आणि अशा वेळी तो पेटणारच. शॉर्ट असेल तर मागचे दिवे पूर्ण अंधारे राहतात. नुसता भार असेल तर ते मंद का होईना लागतात. सोपा मार्ग म्हणजे ज्या फांदीची तपासणी चालू आहे तिचे बल्ब आधी काढून ठेवावेत. मग त्या फांदीत जाणारा कोणताही प्रवाह चोरवाटेचाच असणार.

मागचे ब्रेकचे आणि रिव्हर्सचे बल्ब काढले. किल्ली फिरवली, फ्यूजच्या जागेवरचा बल्ब पेट्रोलच्या काट्यापुरता जेमतेम लालसर झाला. ब्रेक दाबला, काही बदल नाही. रिव्हर्स टाकला, तरी काही नाही. मग पत्नीला बॉनेटपाशी बल्बवर नजर ठेवायला सांगून मी रिव्हर्समध्ये ठेवलेला गिअरचा दांडा एकदा पुढे आणि एकदा मागे दाबून धरला. मागे दाबताक्षणी तिकडून हाक आली, "लागला!" सोडला की विझत होता. गिअरबॉक्स आपल्या रबरी माउंटिंगवर किंचित हलतो, आणि त्या हालचालीत हिरवी-तपकिरी वायर कशाला तरी टेकत होती.

यानंतर फांदीचे दोन भाग करायचे. गिअरबॉक्सकडून येणाऱ्या वायरी मुख्य हारनेसला जिथे मिळतात, तिथे रबरी नळीतले बुलेट कनेक्टर, म्हणजे गोळीच्या आकाराच्या टोकांच्या जोडण्या, असतात. हिरव्या-तपकिरीचा कनेक्टर सोडवला आणि पुन्हा दांडा दाबला. बल्ब तरीही पेटला, म्हणजे मागपर्यंत गेलेला सगळा लांब हारनेस निर्दोष ठरला आणि दोष कनेक्टर ते स्विच या हातभर तुकड्यात उरला. कागदावर हा स्विच मागच्या दिव्यांपासून दोन बोटांवर दिसतो, पण आकृती विजेचा मार्ग सांगते, वायर गाडीच्या कोणत्या कडेवरून वळली आहे ते सांगत नाही. ते पाहायला गाडीखाली जावेच लागते.

चाकांना अडणी लावून, गाडी भक्कम स्टँडवर घेऊन मी खाली गेलो. वायर धरून ठेवणारी क्लिप जागेवर नव्हती. पूर्वी कधीतरी गिअरबॉक्स उतरवताना कोणीतरी ती काढली आणि पुन्हा बसवली नाही. लोंबणारी वायर गिअरबॉक्सवरच्या बोगद्यासारख्या पत्र्याच्या कडेवर वर्षानुवर्षे घासली होती. टॉर्चच्या प्रकाशात तिथे तांदळाच्या दाण्याएवढी तांब्याची चकाकी दिसत होती, आणि बरोबर समोर पत्र्याच्या कडेवर ठिणग्यांनी पडलेला काळा ठिपका. तीन फ्यूज त्या ठिपक्यावर गेले होते.

नुसती टेप गुंडाळून भागत नाही, कारण तेलाने टेपचा गोंद सुटतो. मी कनेक्टरपासून स्विचपर्यंतचा तुकडा पूर्ण बदलला. नवी वायर हिरव्यावर तपकिरी रेघ असलेलीच आणली, १४/०.३० मापाची, जुन्या गाड्यांची वायर विकणाऱ्यांकडे मूळ रंग आणि रेघा मीटरवर मिळतात. चार पैसे अधिक पडतात, पण आकृती आणि गाडी यांचे नाते तुटू देणे मला पटत नाही. पुढे ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्यालाही कधीतरी याच रंगांचा आधार घ्यावा लागणार आहे. शेजारची साधी हिरवी वायर शाबूत होती, तरी दोन्हींवर मिळून स्लीव्ह चढवली आणि नवी क्लिप बसवली. बुलेट कनेक्टरची पितळी टोके स्वच्छ केली आणि रबरी नळी नवी घातली.

दुरुस्तीनंतर लगेच फ्यूज घालू नये. मागचे बल्ब काढलेलेच ठेवून, फ्यूजच्या जागी तोच २१ वॅटचा बल्ब ठेवून, रिव्हर्समध्ये दांडा सगळ्या दिशांना दाबून पाहिला, हारनेस हाताने हलवून पाहिला. बल्ब जेमतेम लालसरच राहिला. मग कॉइलची पांढरी वायर परत जोडली, मागचे बल्ब बसवले आणि ३५ चा ल्यूकास फ्यूज घातला. गाडी घराच्या भिंतीकडे पाठ करून उभी केली आणि ब्रेक दाबला, तेव्हा आरशात भिंतीवर दोन्ही बाजूंचा लाल उजेड पडलेला दिसला. आता बाहेर निघण्यापूर्वी मी दर वेळी तो पाहूनच निघतो.